शेजार काढून बघणे

३ फेब्रुवारी
वारा उत्तरेचा, नावापुरता

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर दिसलं की तू पत्र न फोडता केराच्या डब्यात टाकशील, हे मी ओळखून आहे. म्हणून पत्ता आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून लिहून घेतला. ते भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण अक्षर अजून फळ्यावरचंच आहे, मोठं, गोल, कुणाला संशय न येणारं. तेव्हा फसलास. फोडलंच आहेस तर वाच. चार वर्षं माझा फोन उचलत नाहीस, निदान कागदाला तरी तोंड दे.

काम किरकोळ आहे. प्रयोगशाळेच्या जुन्या वह्या लावायला काढल्यात आणि लंबूच्या वहीत तुझी ती शेवटची फेरी आडवी आलीय, माझी परवानगी न घेता केलेली. सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे 'मला आठवत नाही' म्हणायला तुला जागा राहणार नाही. विंड टनेलमधल्या फिरत्या तबकडीच्या मधोमध लंबूचं मॉडेल, म्हणजे साठ मजली टॉवरचं, माझ्या कंबरेएवढं. भोवती अर्ध्या किलोमीटरमधला सगळा शेजार, फोमचे ठोकळे. त्यातला सगळ्यात जाड ठोकळा पश्चिमेचा, म्हणजे एक्केचाळीस मजल्यांची जुनी कचेरी, जिला तू ढेरपोट्या म्हणायचास. त्या शनिवारी तू ढेरपोट्याचा स्क्रू काढलास, त्याला उचललंस आणि पश्चिमेचा वारा सोडलास. आकडे भयंकर आले. ठोकळा काढला की त्याच्या स्क्रूचं भोक तबकडीत उघडं राहतं, त्यातून खालची हवा वर फुंकते आणि आकडे बिघडतात, हे आपल्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तेव्हा प्रश्न एवढाच: त्या फेरीत तू भोक टेपने बुजवलं होतंस का? हो की नाही. मी तेव्हाही हेच विचारलं होतं, आणि तू उत्तर न देता ठोकळा काखेत मारून निघून गेलास.

आई बरी आहे. अधूनमधून चक्कर येते. कानाचे डॉक्टर म्हणतात आतल्या कानाचा तोल गेलाय, गोळ्या चालू आहेत. वय झालं, चालायचंच. ती तुझी आठवण काढते, पण मला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

ताई

२६ फेब्रुवारी
वारा पश्चिमेचा, मध्यम

धाकट्या,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. टपालावर खापर फोडून मोकळी होणार होते, पण मास्तर म्हणतात त्यांच्या अक्षरातलं पत्र आजवर गहाळ झालेलं नाही.

मी कुठे राहते हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. नसेल तर ऐक आणि मनसोक्त हस. लंबूतच राहते. चोपन्नावा मजला. जाताना दारात उभं राहून तू विचारलं होतंस, "तू राहशील का त्यात? आईला घेऊन राहशील?" ते मला इतकं झोंबलं की लंबू बांधून तयार झाल्याबरोबर मी आईला उचलून इथे आणलं. तुला उत्तर द्यायला. चौथ्या मजल्यावरचं तिचं घर, जिथून तिला खालच्या भाजीवालीशी खिडकीतून गप्पा मारता यायच्या, ते मी मोडलं तुझं तोंड बंद करायला. आणि तू तर बघायलाही आला नाहीस.

सुरुवातीला लंबू शहाण्यासारखा वागला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी समजावायचे, उंच इमारत थोडी हललीच पाहिजे, हलते म्हणूनच टिकते. लोक माना डोलावायचे. माझा इथे भारी मान आहे, बरं का. 'या आपल्या वाऱ्याच्या बाई' अशी ओळख करून देतात. कुणाच्या घरी टांगलेला दिवा हलला की मला बोलावतात, मी वर बघून 'काही नाही' म्हणते, आणि मग चहा येतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. राहून गेली म्हणजे मी लिहिली नाही. ढेरपोट्या पाडतायत. वरून एकेक मजला करवतीने कापतात आणि क्रेनने खाली उतरवतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. आज पस्तीस मजले उरलेत.

आईच्या उशाशी तिचा कवळीचा वाडगा असतो, काचेचा, चांगला पसरट. आज सकाळी त्यातलं पाणी या काठाकडून त्या काठाकडे जात होतं आणि कवळी आत बसून हसत होती. आई म्हणाली, "पाणी हलतंय ना गं?"

मी म्हटलं, "नाही आई, तुला तसं वाटतंय. कान आहे तुझा."

आणि तिला गोळी दिली. आता तिच्या कवळीला उभा, अरुंद पेला आणलाय. पसरट भांड्यात धूळ बसते.

भोकाचं तेवढं कळव.

ताई

१९ मार्च
वारा पश्चिमेचा, जोराचा

धाकट्या,

आज सकाळी साडेदहाला आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे निघाले. लिफ्टमध्ये मास्तर होते, वाचनालयात निघालेले. वारा वाढला की लिफ्टच्या लांबलचक दोऱ्या आतल्या आत झुलायला लागतात, आणि त्या कुठे अडकू नयेत म्हणून लिफ्ट आपोआप थांबते. ही सोय चांगली आहे, अहवालात मीच सुचवली होती. फक्त आम्ही थांबलो ते विसाव्या मजल्याच्या आसपास, आणि आमची लिफ्ट तिसाव्याच्या खाली थेट तळमजल्यालाच उघडते. मधल्या मजल्यांना तिला दारंच नाहीत, नुसती भिंत.

चाळीस मिनिटं. दोऱ्या कण्हत होत्या. डबा एका बाजूला जायचा, जरा थांबायचा, परत यायचा. मास्तरांनी आईचं लक्ष दुसरीकडे वळवायला तिला नद्यांची नावं विचारायला सुरुवात केली. आई डोळे मिटून म्हणाली, "मास्तर, भूगोलात मी आधीच नापास झालेय, आता तरी सोडा." मी हसले. मग तिला उलटी झाली, तिच्या हातातल्या पिशवीतच, आणि ती माझी माफी मागायला लागली. "माझ्या कानामुळे तुझा किती खोळंबा होतो," म्हणाली.

मास्तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, हे नेहमीचंच ना? तुम्ही हो म्हणा, मग मी घाबरत नाही."

"नेहमीचंच," मी म्हटलं.

वारा पडल्यावर मेकॅनिकने लिफ्ट मुंगीच्या पावलाने परत वर आणली. घरात पाय टाकल्यावर आईने जाहीर केलं, की त्या डब्यात ती पुन्हा पाऊल ठेवणार नाही. चोपन्न मजले उतरणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नाही. म्हणजे तिचं जग आता तीन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीचं दारही आज वाऱ्याने दाबून धरलंय. मी खांदा लावून बघितला, उघडत नाही.

ढेरपोट्याचे तीस मजले उरलेत. जूनमध्ये पश्चिमेचे मोठे वारे येतील तोवर पंधराही उरणार नाहीत.

लंबू पडणार नाही, धाकट्या. हे तुलाही ठाऊक आहे. पडण्याचा प्रश्न कधीच नव्हता. त्यात माणसाला राहता येईल का, हा प्रश्न होता, आणि तो तू विचारला होतास.

लिही रे काहीतरी. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई

८ एप्रिल
वारा दक्षिणेचा, मंद

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. 'ताई' नाही, तारीख नाही, सही नाही. तीन शब्द. "भोक बुजवलं होतं."

ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

मला माहीत होतं.

तू गेलास तो शनिवार. रविवारी दुपारी मी एकटी प्रयोगशाळेत आले. ढेरपोट्याला काढायचं कामच नव्हतं, तो तू घेऊन गेला होतास. मी खाली वाकून भोक बघितलं. त्यावर तुझी टेप होती, नीट, कडा नखाने घासून बसवलेल्या, तुझी सवय. तरी मी ती उचकटली. स्वतःच्या हाताने दोन थर लावले, पश्चिमेचा वारा सोडला आणि काचेबाहेर उभी राहिले. लंबू आडवा डोलायला लागला. पुढेमागे नाही, आडवा. समोरून येणारा वारा त्याच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि भोवऱ्यांचा ताल नेमका लंबूच्या स्वतःच्या तालाशी जुळत होता. झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावत राहावं तसं. ढेरपोट्या समोर असताना तो वारा आधीच फोडून टाकायचा, म्हणून एवढे दिवस सगळं ठीक दिसत होतं. तुझ्या फेरीत वरच्या मजल्यांचे हेलकावे माणसाला सोसतील त्याच्या दुप्पट आले होते. माझ्या फेरीत दुपटीहून जरा जास्त आले.

मी ते पुसलं. सोमवारी अहवाल गेला, माझ्या सहीने.

का, हे तू विचारणार नाहीस, पण मी सांगणार. आपल्या सरांनी प्रयोगशाळा काढली तेव्हापासूनचा नियम, की प्रत्येक मोठा शेजारी एकदा तबकडीवरून काढून बघायचा आणि मगच सही करायची. आपण दोघं तो नियम त्यांच्याच तोंडून शिकलो. पण लंबूचा पाया खणून झाला होता. लंबूच्या मालकाने लेखी दिलं होतं की जुनी कचेरी जतन केलेली इमारत आहे, तिला कुणी हात लावणार नाही. तो दर्जा पुढे काढला गेला, पण तेव्हा मी त्या कागदाच्या आड उभी राहिले. खरं सांगू का, कागद नसता तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. माझ्या हाताखाली शिकलेला माझा धाकटा भाऊ, सगळ्यांच्या देखत माझी चूक काढतो, आणि ती बरोबर निघते. हे मला सहन झालं नाही. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हटलं की याला भोकसुद्धा बुजवता येत नाही. टेप बघायच्याही आधी म्हटलं.

म्हणून तुला विचारत होते. तू 'नाही' लिहिलं असतंस तर मी त्यावर विश्वास ठेवायला तयार होते. टेप माझ्या हाताने काढलेली असूनसुद्धा. बघ म्हणजे कुठवर गेलेय मी.

आणि पेला. पसरट वाडग्यात पाण्याची लाट दिसते, अरुंद पेल्यात दिसत नाही. धूळबीळ काही नाही. तीस वर्षं वारा शिकले त्याचा हा उपयोग केला.

अजून वेळ आहे. ढेरपोट्याचे सव्वीस मजले उभे आहेत. पाडणं इथे थांबवलं आणि लंबूच्या डोक्यावर पाण्याची एक मोठी टाकी बसवली, आतलं पाणी हेलकाव्याच्या उलट जाईल अशा मापाची, तर तो शांत होईल. त्याला दहा महिने लागतात. मी उद्या मालकाला सांगते. सोसायटीलाही.

ताई

१६ एप्रिल
वारा पश्चिमेचा, मध्यम

उद्या सांगते म्हणून लिहिलं होतं. मालकाला सांगितलं. सोसायटीला नाही.

मालक गोड माणूस आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः आईला घेऊन वर राहता. यापेक्षा मोठी ग्वाही कोणती? मी तर प्रत्येकाला हेच सांगतो." खरोखरच सांगतो तो. छापील माहितीपत्रकात माझा फोटो आहे, गॅलरीत उभी असलेली, हसणारी. तुझ्यावर उगवलेला सूड त्याने चौकटीत लावलाय. वरच्या पंधरा मजल्यांतली निम्मी माणसं तो फोटो बघून इथे आलीत. मास्तरही. त्यांनी स्वतः सांगितलं मला, कौतुकाने.

"सध्या काही बोलू नका," मालक म्हणाला. "घबराट होईल. टाकीचं आपण पुढच्या वर्षी बघू." आणि मी, जिने तुला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलताना क्षणभर विचार केला नाही, मान हलवून बाहेर आले. सही करायचा माझा अधिकार जाईल, प्रयोगशाळेला कुलूप लागेल, बारा माणसं घरी बसतील. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी गप्प बसले ते भीतीने. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे कसे बघतील, या भीतीने. एवढंच.

तेवीस मजले.

आज दुपारी आई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेली सापडली. पलंग हलतो म्हणून खाली बसले, म्हणाली. मग माझा हात धरला आणि अगदी व्यवहारातलं काही बोलावं तशी म्हणाली, "मला वेड्यांच्या दवाखान्यात ठेव. कानाच्या गोळ्यांनी हे जायचं नाही. भिंती करकरतात, दिवा हलतो, तुला काहीच दिसत नाही आणि मला सगळं दिसतं. म्हणजे डोकंच गेलंय माझं. तू किती दिवस पुरी पडशील? धाकट्याला मात्र कळवू नकोस."

पेला स्टुलावर होता. मी त्याच्याकडे बघत बसले. त्यातसुद्धा हललेलं दिसत होतं, धाकट्या. आता पेल्यातही दिसतं.

ताई

२८ एप्रिल
वारा पश्चिमेचा, मंद

धाकट्या,

आधी आईला सांगितलं.

कपाटातून तो पसरट वाडगा काढला, पाणी भरलं आणि तिच्या मांडीजवळ ठेवला. वारा होता. पाणी निघालं, काठाला लागलं, परत आलं. मी म्हटलं, "आई, हे हलतंय. तू म्हणालीस त्या पहिल्या दिवसापासून हलतंय. तुझा कान चांगला आहे." मग सगळं सांगितलं, ठोकळा, भोक, रविवार, गोळ्या.

तिने वाडग्याच्या काठाला बोट लावलं आणि पाणी परत येऊ दिलं. पहिलं वाक्य बोलली ते, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे." आणि तिचा चेहरा इतका सुटला, इतका हलका झाला, की वाटलं आता सगळं बरं होईल. तिने कवळी लावली, नीट बसली आणि दुसरं वाक्य बोलली. "आणि तू रोज सकाळी मला गोळी देत होतीस."

मग तिने उशाखालची गोळ्यांची डबी काढून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सगळे जमले. मी दोन्ही फेऱ्यांचे आकडे मोठ्या कागदावर लिहून नेले होते. तुझी वहीतली, वर. माझी पुसलेली, आठवून, खाली. सांगितलं की पहिली फेरी माझ्या भावाने केली आणि ती बरोबर होती, त्याचं ऐकलं असतं तर टाकी आधीच वर बसली असती. खालच्या मजल्यांवरचे लोक ओरडले, वरचे गप्प होते.

मास्तर उभे राहिले. "बाई, लिफ्टमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि खाली बसले. एवढंच. मला वाटतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता बाकीचं. सोसायटीने दुसऱ्याच दिवशी महापालिका गाठली. ढेरपोट्याची करवत बाविसाव्या मजल्यावर थांबलीय. क्रेन उभी आहे, माणसं नाहीत. तुझ्या आकड्यांवरून दुसरी प्रयोगशाळा तपासणी करेल, टाकीचं मापही तेच काढतील. वरचे पंधरा मजले जूनच्या आत रिकामे करायचे. माझा सहीचा अधिकार काढून घेतलाय. माझी सही आता फक्त तुझ्या पत्रांवर चालते.

परवा आईला खाली नेलं. लिफ्टचं नाव काढू देईना. शेवटी खुर्चीत बसवून जिन्याने. इमारतीतले चौघं जण आळीपाळीने धरत होते, दर पाच मजल्यांनी टेकत. मास्तर पुढे, हातात कवळीचा वाडगा. प्रत्येक टप्प्यावर थांबून ते तिला मजल्याचा आकडा सांगायचे आणि ती म्हणायची, "पुढे." मी सगळ्यांच्या मागून उतरत होते. मला कुणी काही धरायला दिलं नाही.

ताई

२१ मे
वारा पश्चिमेचा, जोराचा

धाकट्या,

पाकिटावर आज माझंच अक्षर आहे. मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "हा पत्ता आता तुम्हीच लिहा, बाई." रागाने नाही म्हणाले. तेव्हा हे पत्र फोडायचं की नाही ते तुझ्यावर आहे, मी या खेपेला फसवलेलं नाही.

आम्ही बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहतो. दारात पायरी, पायरीसमोर रस्ता. इथे काही हलत नाही. मी भिंतीवर हात ठेवून बघते, सवय जात नाही. बाहेर पत्रे वाजतात, धूळ उडते, आणि आतला दिवा सरळ लोंबत असतो. चार महिने मी या एका गोष्टीसाठी झुरत होते.

आईचं जेवण वाढलंय. उलट्या थांबल्या. शेजारणीशी तिचं जमलंय, दिवसभर पायरीवर गप्पा चालतात. पण वारा सुटला की ती आत येते, पलंगावर बसते आणि वाडग्याकडे बघत राहते. वाडगा आता पसरटच आहे, काठोकाठ भरलेला. त्यातलं पाणी आरशासारखं पडून असतं, कवळी जागची हलत नाही.

ती विचारते, "हलतंय ना गं?"

मी म्हणते, "नाही आई."

"तू तसंच म्हणायचीस," ती म्हणते.

मी तिला समजावते की आपण जमिनीवर आहोत. वाडगा उचलून दाखवला, परत ठेवला, तिचा हात धरून त्याच्या काठाला लावला. ती सगळं करू देते आणि मग माझ्याकडे बघते. तिला चार महिने खरं दिसत होतं आणि मी ते खोटं ठरवत होते, आता तिला खोटं दिसतं आणि ते खोटं आहे हे सांगायला माझ्याशिवाय घरात कुणी नाही. आज ती पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसलीय. बोटं पांढरी पडलीत. मी समोरच्या खुर्चीत बसून लिहितेय आणि पाणी स्थिर आहे.

काल म्हणाली, "धाकटा असता तर त्याने खरं सांगितलं असतं."

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस, मी बाहेर पायरीवर जाऊन बसेन. तुझ्या डोळ्यांना अजून सवय असेल, वाकून वाडग्यात बघ, आणि पाणी हलत नाही, एवढंच तिला सांग. माझ्या तोंडून तिला ते पटत नाही.

ताई